मध्यबिंदूंची समान वाटणी
नियोजित प्रयोगात संख्यात्मक घटकांच्या नीच व उच्च मूल्यांच्या बरोबर मध्यावर जे प्रयोग पुनःपुन्हा केले जातात, त्यांस मध्यबिंदू म्हणतात. परिणामात वक्रता (सरळ रेषेपासूनची तफावत) आहे काय, हे त्यांवरून कळते. परंतु भात शिजवताना दुप्पट व चौपट पाण्याच्या मध्ये तिप्पट पाणी असले, तरी मातीचे मडके आणि पितळेचे पातेले यांच्या मधले भांडे कोणत्या बाजारात मिळावे? म्हणून सगळे मध्यबिंदू सोयीच्या एकाच भांड्यात उरकण्याकडे जो कल दिसतो, तो स्वाभाविक असला तरी सदोष आहे. कारण त्यात वक्रता व भांड्याचा परिणाम यांची सरमिसळ होते आणि दुसऱ्या भांड्यातील वक्रतेचा दाखलाच उरत नाही. सबब चार मध्यबिंदू असल्यास प्रत्येक भांड्यात दोन ठेवावे. पुनरावृत्तीतील त्रुटी मात्र ज्या त्या भांड्यापुरती मोजून मगच एकत्र करावी.