‘पॉवर’ म्हणजे नेमके काय?

‘पॉवर’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे हेही लक्षात येत नाही. चष्म्याची पॉवर वाढते, विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचा पंप बसतो, रात्री झिरो पॉवरचा दिवा लागतो, निवडणुकीनंतर कुणाच्या तरी हाती पॉवर येते आणि ताप उतरला नाही की आपण डॉक्टरांकडे पॉवरफुल गोळी मागतो. विद्यार्थी हे सगळे अर्थ बरोबर घेऊनच वर्गात येतो. तिथे त्याला विज्ञानात ‘शक्ती’, बीजगणितात ‘घात’ आणि प्रकाशाच्या प्रकरणात ‘भिंगाची शक्ती’ भेटते. मूळ इंग्रजी शब्द एकच असला तरी या तीन कल्पनांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, हे त्याला सांगायला हवे.

प्रथम भौतिकीतील शक्ती पाहू. कार्य किती वेगाने होते, म्हणजेच दर सेकंदाला किती ऊर्जा वापरली जाते, ते शक्ती सांगते. ४० किलोग्रॅम वस्तुमानाचा मुलगा ३ मीटर उंचीचा जिना चढतो तेव्हा तो सुमारे १२०० ज्यूल कार्य करतो. चालत गेला आणि १२ सेकंद लागले तर त्याची शक्ती १०० वॉट; धावत ६ सेकंदांत गेला तर २०० वॉट. कार्य तेवढेच, शक्ती मात्र दुप्पट. घड्याळ आणि मोजपट्टी घेऊन हा प्रयोग कोणत्याही शाळेच्या जिन्यावर करता येईल.

जेम्स वॉटने आपल्या वाफेच्या इंजिनांची तुलना घोड्यांच्या कामाशी केली आणि ‘हॉर्सपॉवर’ रूढ झाली. पुढे १८८२ मध्ये त्याचेच नाव शक्तीच्या एककाला सुचवले गेले. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॉट. त्यामुळे पाच हॉर्सपॉवरचा पंप तासाभरात ३.७ युनिटांहून थोडी अधिक वीज घेतो. अधिक अशासाठी की मोटरीत काही ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. बिलावरचे ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॉट-तास. ते ऊर्जेचे माप आहे, शक्तीचे नव्हे. आज घरोघरी दिसणाऱ्या ‘पॉवर बँके’तही साठवलेली असते ती ऊर्जाच.

हा फरक खिशाशीही निगडित आहे. तारेचा जुना ‘झिरो पॉवर’ दिवा प्रत्यक्षात सुमारे १५ वॉट घेत असे. रोज दहा तास लावला तर महिन्याला साडेचार युनिटे होत. नावात शून्य असल्याने तो फुकट जळतो, अशी समजूत करून घेणे सोपे होते. अर्ध्या वॉटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात केवळ ०.१५ युनिट घेतो.

चष्म्याच्या पॉवरचा वॉटशी काहीही संबंध नाही. भिंग प्रकाशकिरणांना किती वळवते ते ही शक्ती दाखवते. मीटरमधील नाभीय अंतराने एकाला भागले की ती डायॉप्टरमध्ये मिळते. बहिर्गोल भिंगाची शक्ती धन, अंतर्गोलाची ऋण. ‘मायनस दोन’ म्हणजे दृष्टी शून्याच्या खाली गेली असे नव्हे. उणे चिन्ह केवळ भिंगाचा प्रकार सांगते. अशा मुलाला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. वही त्याला नीट वाचता येते, पण मागच्या बाकावरून फळा धूसर दिसतो. फळ्यावरची गणिते चुकीची उतरवणारा मुलगा बेफिकीर आहे असे ठरवण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्यायला सांगावे, असे आम्हाला आग्रहाने वाटते.

गणितातील पॉवर आणखी वेगळी. २ चा पाचवा घात म्हणजे २ ही संख्या पाच वेळा घेऊन केलेला गुणाकार, अर्थात ३२. प्राचीन ग्रीक गणिती संख्येच्या वर्गाला ‘सामर्थ्य’ या अर्थाचा शब्द वापरत. त्याचाच अर्थ युरोपीय भाषांत उतरला आणि इंग्रजीत ‘पॉवर’ झाला. येथे ऊर्जाही नाही आणि वेळही नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाची ‘हाय पॉवर’ म्हणतो तेव्हा तिथे प्रतिमा किती पट मोठी दिसते एवढेच अभिप्रेत असते.

मग वर्गात काय करावे? रोजचा शब्द चुकीचा म्हणून बाजूला सारू नये. विद्यार्थ्याने ‘पॉवर’ म्हटले की एकच प्रश्न विचारावा: एकक कोणते? उत्तर वॉट किंवा हॉर्सपॉवर आले तर ऊर्जा वापरण्याचा दर, डायॉप्टर आले तर भिंग. एकक नसेल तर तो घात आहे की पट, ते पाहावे. आणि पुढाऱ्याच्या किंवा गोळीच्या पॉवरला एककही नाही आणि व्याख्याही नाही, हे विद्यार्थ्यांच्या स्वतःच ध्यानात येईल. मग याच पद्धतीने त्यांना ‘प्रेशर’, ‘करंट’ आणि ‘चार्ज’ हे शब्द तपासायला द्यावेत. तीनही शब्द त्यांच्या घरात रोज कानावर पडतात.