डिंडोलीत कानबाईची गाणी पुढे कोण म्हणणार?

सुरतच्या डिंडोली, उधना, लिंबायत भागात खान्देशी माणूस मोठ्या संख्येने राहतो. उधन्याहून निघणारी रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाते. त्याच रुळांवरून लोक लूमच्या कामाला आले, सोबत कानबाईही आली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-दागिने घालून कानबाई बसवतात. घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, त्याचे रोट करतात आणि ते भाऊबंदांतच खायचे असतात. रात्री जागरण, सोमवारी डोक्यावर घेऊन विसर्जन.

या सगळ्याचा जीव अहिराणी गाण्यात. ती वहीत बघून शिकायची नसतात. एक बाई ओळ सुरू करते, बाकीच्या उचलतात. जिला येत नाही तीही ऐकता ऐकता शिकते. डीजे लागला की नेमकं हेच थांबतं. ओळ उचलायला कुणी उरत नाही, सगळे नुसते नाचतात. (नाचाला ना नाही, फुगड्या तर हव्यातच.)

शाळेत गुजराती आणि गल्लीत हिंदी बोलणाऱ्या बऱ्याच पोरापोरींना अहिराणी समजते, पण म्हणता येत नाही. गाणारे, ढोलकी वाजवणारे तरुण इथे कामाचे. आजीचं गाणं मोबाईलवर जरूर घ्या, पण शब्दांचा अर्थही तिलाच विचारा. आणि मिरवणुकीत अर्धा तास तरी स्पीकर बंद करून ओळ तुम्हीच सुरू करा. चुकली तर मागच्या बाया लगेच सुधारून देतील.