वर्गमूळ आणि यंत्राचा हिशेब

चेन्नईतील वेलचेरी ही वस्ती आय.आय.टी. मद्रासच्या विस्तीर्ण आवाराला लागून आहे. अशा विद्यालयांतील विद्यार्थी फोरट्रान वा पायथन या संगणकभाषांत एकच शब्द लिहून वर्गमूळ मिळवितो. तो शब्द न वापरता हिशेब करावयाचा झाला, म्हणजे खरी कसोटी लागते.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास एकेक अंक काढीत जाण्याची रीत सांगितली. यंत्राला मात्र ग्रीक हेरॉनची रीत अधिक मानवते. २ चे वर्गमूळ हवे, तर प्रथम १ हा अंदाज धरावा. २ ला त्याने भागावे. भागाकार आणि अंदाज यांची सरासरी हाच नवा अंदाज. १.५, १.४१६६…, १.४१४२१५… असे करीत चौथ्याच फेरीस दशांशाची ११ स्थळे बिनचूक येतात!

पण थांबावे केव्हा? अंदाजाचा वर्ग नेमका २ होईपर्यंत, असे लिहिणारा फसतो. हे मूळ अपरिमेय, आणि यंत्राजवळ अंकांच्या जागा मोजक्या. पायथनने दिलेल्या मुळाचा वर्ग २.०००००००००००००००४ भरतो, मग यंत्र बिचारे फिरतच राहते. म्हणून फरक ठराविक मर्यादेत येताच थांबावे, अशी आज्ञा द्यावी लागते. ती मर्यादाही संख्येच्या मानानेच ठरवावी. अतिसूक्ष्म संख्येला ठोक मर्यादा लावली, तर यंत्र चुकीचे उत्तर निःशंकपणे हाती ठेवते.