सापळ्यात नरच का सापडतात?



जांबाच्या बागेत सापळा टांगला, आठ दिवसांत डबा माश्यांनी भरला, अन् तरीही फळ चिरलं की आत अळ्या! मग 'सापळा काही कामाचा नाही' म्हणून तो काढून बांधावर फेकला जातो. घाटावरचा चिखली-मेहकर भाग असो की घाटाखालचा मलकापूर-नांदुरा, ही तक्रार सगळीकडे असते. तेव्हा आधी माशीची जात समजून घेऊ.

डब्यातल्या माश्या कागदावर पसरा अन् भिंगातून त्यांचं शेपटाकडचं टोक बघा. मादीच्या टोकाला सुईसारखी अणकुचीदार नळी असते. ती नळी सालीत खुपसून मादी आत अंडी घालते. नराचं टोक बोथट असतं. तुमच्या कागदावर बहुतेक सारे बोथट टोकाचेच निघतील. म्हणजे फळ नासवणारी बाहेरच राहिली अन् पकडले गेले ते नर.

हे पहिल्यांदा टिपलं ते बिहारातल्या पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी. सिट्रोनेला तेलाच्या वासावर फळमाशीचे फक्त नर येतात, हे त्यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलं. पुढे १९१५ साली त्यांनी त्यातलं खरं आकर्षण कोणतं तेही दाखवलं : मिथिल युजेनॉल. आपल्या दारच्या तुळशीतही ते असतं, म्हणून चुरगळलेल्या तुळशीच्या पानांवर हे नर येऊन बसतात.

नराला हा वास एवढा का आवडावा? नर ते द्रव्य चाटतो, शरीरात त्याचं रूप बदलतो अन् मागच्या ग्रंथीत साठवतो. दिवस मावळताना पानावर बसून पंख फडफडवत तोच वास हवेत सोडतो. असं द्रव्य खाल्लेल्या नराकडे माद्या जास्त येतात. ज्याला वास लवकर सापडला त्याला पोरं जास्त झाली अन् त्याच्या पोरांतही ती ओढ उतरली. पिढ्यान्‌पिढ्या असं होत नराची ओढ तीव्र झाली. मादीला त्यातून तसा फायदा नाही. तिला अंड्यांसाठी प्रथिनं लागतात, म्हणून ती प्रथिनयुक्त खाद्याकडे वळते.

एकाच माशीच्या अंड्यांतून ही दोन रूपं निघतात कशी? बापाकडून वाय गुणसूत्र आलं की नर. ते नराचं गुणसूत्र. त्यावरचा नर ठरवणारा जनुक भूमध्य फळमाशीत २०१९ साली सापडला. पुढे 'डबलसेक्स' नावाचा एक जनुक नरात एका तऱ्हेने अन् मादीत दुसऱ्या तऱ्हेने वाचला जातो. त्यावरूनच कोणाला नळी यायची अन् कोणाला नराचे अवयव, हे ठरतं. केळीच्या सालीवर घोंघावणाऱ्या बारीक चिलटातही हाच जनुक काम करतो. त्यातल्या नराच्या पुढच्या पायावर चक्क काळी फणी असते बरं का!

आता सापळ्याकडे. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे निम्मे नर मेले तरी अंडी काही निम्मी होत नाहीत. जवळजवळ सारेच नर संपले पाहिजेत. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर १९६०च्या दशकात हे साधलं, कारण मिथिल युजेनॉल अन् विष लावलेले तुकडे साऱ्या बेटावर विमानातून टाकले होते. एकट्याच्या दोन डब्यांनी ते कसं होणार? शेजारच्या बागेतले नर येतच राहतात.

म्हणून फळं पक्व होण्याच्या बरीच आधी सापळे लावा अन् शिवारातल्या सगळ्यांनी मिळून लावा. जांब-आंब्याला मिथिल युजेनॉल, तर काकडी, कारलं, दोडक्याला क्यू-ल्यूर. त्या माशीची जात वेगळी, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. पावसात पिकणाऱ्या आंबे बहाराला माशी फार. थंडीत येणाऱ्या मृग बहाराला त्रास कमी.

मादीसाठी मात्र वेगळा इलाज लागतो. खाली पडलेली, डाग पडलेली फळं रोज वेचून दोन फूट खोल गाडा. उकिरड्यावर टाकाल तर अळ्या तिथेच मातीत कोष करतील. झाडाखालची माती वरचेवर हलवा, कोष दोन-तीन इंचांवरच असतात, ते उघडे पडतात अन् पक्षी टिपतात. फळं थोडीच असतील तर लहान असतानाच पिशव्या बांधा. प्रथिनयुक्त विषारी आमिष वापरायचं असेल, तर औषध अन् प्रमाण सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारूनच घ्या. फळावर न फवारता खोडाला नि खालच्या पानांना ठिपके द्या.