नावाच्या शेवटी काय आहे

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजाराचं गाव. मिरची म्हटली की फुलकिडे, पांढरी माशी, कोळी आलेच. त्यांच्यामागोमाग औषधांच्या बाटल्या. गेल्या चार दशकांत या बाटल्या कशा बदलत गेल्या ते पाहायचं तर ब्रँडचं ठळक नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं नाव वाचावं, आणि त्यातही शेवटची दोन-तीन अक्षरं.

रसायनाचं कूळ नावाच्या शेपटात ठेवण्याची रीत जुनी; 1892 च्या जिनिव्हा परिषदेत अल्कोहोलला ‘ओल’ असे प्रत्यय ठरले. कीटकनाशकांच्या सामान्य नावांतही तीच रीत बरीचशी उतरली.

आधी राज्य होतं ‘फॉस’चं: मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस. फॉस्फरसची ही औषधं किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात, फवारणाऱ्याच्याही. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉसला 2005 सालीच बंदी आली. तरी 2017 मध्ये यवतमाळमध्ये कपाशी फवारताना माणसं दगावली, तेव्हाही त्याचं नाव पुढे आलं. ट्रायझोफॉस 2020 च्या अखेरीस बंद झालं. हे सगळं फार उशिरा झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘फॉस’च्या जोडीला शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम फुलातल्या पायरेथ्रिनवरून बेतलेलं ‘थ्रिन’ आलं: सायपरमेथ्रिन. मग नव्वदच्या दशकात ‘प्रिड’: इमिडाक्लोप्रिड, पाठोपाठ अॅसिटामिप्रिड. पुढे मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं ‘मेक्टिन’, म्हणजे अबामेक्टिन. बुरशीनाशकांतही तसंच: हेक्झाकोनॅझोलचं ‘कोनॅझोल’, अॅझॉक्सीस्ट्रोबिनचं ‘स्ट्रोबिन’.

शेतात याचा उपयोग काय? चुरडा-मुरड्यात पानं वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी. कोळ्यावर ‘प्रिड’ चालत नाही, ‘मेक्टिन’ चालतं. आणि इमिडाक्लोप्रिडनं पांढरी माशी हटेना म्हणून दुसऱ्या कंपनीचं अॅसिटामिप्रिड आणलं, तर डबा बदलला, औषधाचा गट तोच राहिला. तोच मारा पुन:पुन्हा झाला की कीड त्याला दाद देईनाशी होते. म्हणून फवारणी बदलायची तर गट बदलायला हवा. दुकानात हे ठासून सांगितलं जायला हवं.

शेपटावर डोळे मिटून भिस्त मात्र ठेवता येत नाही. थायामेथॉक्झामच्या शेवटी ‘प्रिड’ नाही, तरी गट तोच. शिवाय जोडऔषधं आहेत: ‘प्रोफेनोफॉस 40 टक्के, सायपरमेथ्रिन 4 टक्के’. तिथे एकाच बाटलीवरची दोन्ही शेपटं वाचावी लागतात.