कुत्रा बाग का उकरतो?

कोल्हापुरात ज्याच्या घरापुढं चार हात मोकळी जागा असते, तो तिथं दोन गोष्टी हमखास आणतो. एक झाडं आणि दुसरं कुत्रं. जास्वंद, मोगरा, गुलाबाची चार रोपं, कोपऱ्यात कढीपत्ता असं सगळं लागतं, आणि कुणाच्या तरी घरून पिल्लूही येतं. सहा महिन्यांत या दोघांचं भांडण सुरू होतं. सकाळी उठून बघावं तर मोगरा मुळासकट बाहेर, कुंडी आडवी आणि मधोमध नाकाला माती लागलेले आपले चिरंजीव. मग चप्पल उगारली जाते. चपलेनं भागलं नाही की साखळी येते. साखळीला बांधलेलं कुत्रं रात्रभर रडायला लागलं की शेजारी तक्रार करतात, आणि एखाद्या दिवशी त्याला गाडीत घालून गावाबाहेर सोडून येतात. उपनगरांतल्या रस्त्यांवर गळ्यात पट्टा असलेली पण मालक नसलेली कुत्री दिसतात, तेव्हा माझ्या मनात येतं, यांतल्या किती जणांचा खटला मोगऱ्याच्या मुळाशी सुरू झाला असेल?

म्हणून आज उकरण्याबद्दलच बोलू.

माती उकरणं ही कुत्र्याची खोड नव्हे, तो त्याचा पिढीजात धंदा आहे. त्याचा पूर्वज लांडगा उरलेली शिकार मातीत पुरून ठेवायचा आणि नड पडली की उकरून खायचा. पिल्लं घालायची तर मादी बीळ खणायची. पुढं माणसानं कुत्र्याच्या जाती घडवल्या, तेव्हा काहींना मुद्दाम याच कामासाठी तयार केलं. डॅक्सहुंड हे बुटकं, लांबुळकं कुत्रं आता आपल्याकडंही घरोघर दिसतं. त्याच्या जर्मन नावाचा अर्थच बिळात राहणाऱ्या बिज्जूमागं जाणारा कुत्रा. टेरियर या नावात लॅटिनमधला जमिनीचा शब्द दडलेला आहे. अशा कुत्र्याला पैसे मोजून घरी आणायचं आणि 'मातीला हात लावू नकोस' म्हणायचं, हे गवयाला घरी बोलावून गप्प बसवण्यासारखं झालं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट घडते. इथल्या पुष्कळ घरांत कुत्रा उंबऱ्याच्या आत येत नाही. आम्हा मुसलमानांच्या घरी त्याची लाळ नापाक मानतात, म्हणून तो बाहेर. शेजारच्या शाकाहारी घरात सोवळंओवळं असतं, म्हणून तिथंही तो बाहेर. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी असतात, नृसिंहवाडीला जाणारा प्रत्येक माणूस त्यांना नमस्कार करतो, पण घरचा कुत्रा मात्र पायरीपर्यंतच. यात मी कुणाला दोष देत नाही. रखवालीसाठी, जनावरं राखण्यासाठी, शिकारीसाठी कुत्रा पाळायला आमच्या धर्मानंही मुभा दिलेली आहे. एवढंच नव्हे, कुरआनच्या पाचव्या सूरेत शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख येतो, आणि तिथं त्यांना शिकवणाऱ्यांसाठी जो शब्द आला आहे तो 'कल्ब' म्हणजे कुत्रा या शब्दापासूनच बनलेला आहे. अशा शिकवलेल्या जनावरानं धरून आणलेली शिकार हलाल ठरते. शिकवण्याला केवढं हे मोल! अठराव्या सूरेत गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची गोष्ट आहे. त्यांचा कुत्राही गुहेच्या तोंडाशीच पाय पसरून बसलेला आहे.

तर कुत्रा बाहेर असायला हरकत नाही. मात्र एक लक्षात घ्यायला हवं. जी आपल्याला बाग वाटते, ते त्याचं सगळं घर असतं. त्याचं अंथरूण तिथंच, कोठार तिथंच, खेळायचं मैदान तिथंच आणि जगाकडं बघायची खिडकीही तिथंच. आपण त्यातल्या दहा फुटांत गुलाब लावतो आणि त्याला काहीही न सांगता ती जागा मनाई केलेली ठरवतो.

आता खड्ड्याकडं बघू. रागावण्याआधी खड्डा कुठं आहे, किती खोल आहे आणि केव्हा पडतो हे पाहिलं, तर निम्मा उलगडा तिथंच होतो. झाडाच्या सावलीत किंवा भिंतीच्या कडेला उथळ, कुत्र्याच्या अंगाएवढा पसरट खड्डा, आणि तोही मार्च ते मेमध्ये, असेल तर त्याला उकडतंय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार पंजांच्या गाद्यांना येतो, बाकी सारं जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. वीतभर खालची माती गार असते, हे त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मेंढरांबरोबर हिंडणाऱ्या धनगरांची कुत्री बाभळीखाली अशीच खळगी करून बसतात, आणि त्यांना कुणी मारत नाही. इथं उपाय सोपा आहे. सावली, जाड मातीच्या भांड्यात पाणी आणि गोणपाट ओलं करून टाकलेली एक जागा दिली की पुरतं.

फाटकाखाली किंवा कुंपणाच्या तळाशी खड्डा असेल तर त्याला बाहेर जायचं आहे. कदाचित गल्लीतली एखादी मादी माजावर आली असेल. खच्चीकरणानं नराची ही ओढ बरीच कमी होते, आणि नको असलेली पिल्लंही टळतात. तोवर फाटकाच्या तळाशी घट्ट दगड बसवावेत.

एकाच रेषेत, बिळामागून बीळ शोधत उकरलं असेल तर तो घुशीच्या मागावर आहे. खरं म्हणजे तुमचंच काम करतोय. घूस पिंजऱ्यात पकडावी, विष मात्र घालू नये. विष खाल्लेली घूस कुत्र्यानं खाल्ली तर कुत्रं जाण्याची भीती असते. गाभण मादी शेवटच्या दिवसांत कोपरा उकरू लागली तर तिला मुळीच अडवू नये. ६३ दिवसांच्या आसपास ती विते, त्याआधी तिला आडोशाला खोकं आणि जुनी गोधडी मिळाली म्हणजे झालं.

आणि खड्डा नेमका गुलाबाच्या बुडाशीच पडत असेल तर आधी स्वतःला विचारावं, आपण तिथं काय घातलं होतं? आपलं गाव मटणाचं. रविवारी मटण धुतलेलं पाणी गुलाबाला घालायचं, हाडं बुडाशी पुरायची, ही कैक घरांतली रीत. कुणी खताच्या दुकानातून हाडांचा चुरा आणतं. आपल्याला त्याचा वास येत नाही, पण आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख धरल्या, तर कुत्र्याच्या नाकात त्या २०-३० कोटींच्या घरात असतात. ताटात वाढून ठेवायचं आणि हात लावला म्हणून मारायचं, असा हा प्रकार.

यातली एक गोष्ट गंभीर आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. एरंडीची पेंड खत म्हणून झाडांना घालतात. एरंडीच्या बीत रिसिन नावाचं जहाल विष असतं. तेल काढल्यावर ते पेंडीत राहतं, आणि तापवून नीट निर्विष केलेली नसेल तर ती पेंड कुत्र्याच्या जिवावर बेतते. हाडांच्या चुऱ्यात मिसळून घातली तर कुत्रा ती आवडीनं खातो. काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशी उलट्या, रक्ताची हगवण, गळून जाणं सुरू होतं. यावर उतारा नाही, जितक्या लवकर जनावरांच्या डॉक्टरकडं न्याल तेवढी आशा. ज्या अंगणात कुत्रं आहे तिथं ही पेंड नको. पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घातल्यानं गुलाबाचं काही अडत नाही.

आता शिक्षेविषयी. संध्याकाळी कामावरून आलो, खड्डा दिसला, कुत्र्याची मान धरून खड्ड्यापाशी नेलं आणि दोन ठेवून दिल्या, हे सगळीकडं चालतं. कुत्र्याला त्यातून काय कळतं? उकरलं सकाळी, मार संध्याकाळी. त्याच्या लेखी मार पडला तो मालक घरी आला म्हणून. 'पण त्याला कळतं हो, बघा कशी मान खाली घालतो!' असं लोक सांगतात. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी नेमक्या याच चेहऱ्यावर एक प्रयोग केला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. १४ कुत्री होती. मालकानं कुत्र्याला 'खाऊ नकोस' म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परतल्यावर त्याला कधी खरं, कधी खोटं सांगितलं जायचं की यानं खाल्लं म्हणून. तो अपराधी चेहरा, पडलेले कान आणि चोरटी नजर या गोष्टी कुत्र्यानं खाल्लं होतं की नाही यावर मुळीच अवलंबून नव्हत्या. मालक ओरडला की तो चेहरा यायचा. काही न खाता बोलणी बसलेल्या कुत्र्यांत तर तो जास्तच दिसला. म्हणजे आपण ज्याला कबुलीजबाब समजून शिक्षा ठोठावतो, ती नुसती भीती असते. माणसांच्या बाबतीतही हे काही वेगळं असतं असं मला वाटत नाही, पण तो विषय आजचा नाही.

खड्ड्यात मिरचीपूड टाकणं, खड्डा पाण्यानं भरून त्याचं तोंड त्यात बुडवणं, असलेही सल्ले देणारे आहेत. मिरची त्याच्या नाकाडोळ्यांत जाते आणि तो जागा बदलून उकरतो. हा छळ आहे, आणि निरुपयोगीही.

मग करायचं काय? कुत्र्याला उकरू द्यायचं, पण जागा आपण ठरवायची. अंगणाच्या सावलीतल्या कोपऱ्यात तीन बाय चार फुटांचा, फूट-दीड फूट खोल खड्डा घ्यावा, त्यात माती आणि वाळू मिसळून भरावी, कडेनं विटा लावाव्यात म्हणजे हद्द दिसते. त्याच्यादेखत त्यात भाकरीचा तुकडा किंवा त्याचा चेंडू पुरावा. तो उकरून काढेल. काढल्या क्षणी शाबासकी द्यावी. क्षणी म्हणजे एक-दोन सेकंदांत. उशिरा दिलेली शाबासकी उशिराच्या माराइतकीच फुकट जाते. तो गुलाबापाशी पंजा मारताना डोळ्यांसमोर दिसला, तर एकदाच टाळी वाजवून 'नको' म्हणावं आणि त्याला आपल्यामागून या कोपऱ्यात आणावं. तिथं उकरलं की पुन्हा शाबासकी. दोन-चार आठवडे न चुकता हे केलं तर बहुतेक कुत्री शिकतात. तोवर रोपांच्या भोवती कोंबड्यांची जाळी मातीखाली दोन बोटं अंथरावी, टोकं खाली वळवून. किंवा फरशीचे तुकडे ठेवावेत. नवीन रोप लावताना कुत्र्याला मागच्या बाजूला ठेवलेलं बरं. आपण हातानं माती उकरतो ते तो बघत असतो, आणि ताज्या मातीचा वास त्याला आमंत्रणासारखाच.

घरात शब्द मात्र सगळ्यांचा एकच हवा. आजी 'हाड्' म्हणते, बाप 'ए' म्हणतो, पोरं 'नो' म्हणतात, आणि कुत्रं बिचारं एकेकाच्या तोंडाकडं बघत राहतं. शब्दांशी खेळणारा माणूस असल्यानं मला एक गंमत जाणवते. कुत्र्याला बोलवायला आपल्याकडं 'यू यू' आहे, अंगावर सोडायला 'छू' आहे, हाकलायला 'हाड्' आहे. 'चांगलं केलंस' म्हणायला खास कुत्र्यासाठीचा शब्द माझ्या तरी कानावर आलेला नाही. 'शाब्बास' चालेल, फक्त तो रोज तसाच आणि त्याच सुरात हवा.

एवढं करूनही कुत्रं दिवसभर अंगण नांगरत असेल, तर त्याला काम नाही. हल्ली ऐटीसाठी मुधोळ कुत्री आणतात. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाची ही जात. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. नजरेनं शिकार हेरून वाऱ्यासारखं पळण्यासाठी जन्मलेलं हे जनावर वीस फुटांच्या अंगणात तीन फुटांच्या साखळीला बांधलं तर ते जमिनीवर राग काढणारच. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तो प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे, हे फार कमी मालकांना माहीत असतं. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास, आणि पळवत नेण्यापेक्षा त्याला ठिकठिकाणी हुंगू देत फिरवावं. हुंगण्यानं त्याचं डोकं दमतं, आणि डोकं दमलेलं कुत्रं दुपारी झोपतं.

त्या वाळूच्या कोपऱ्याची निगा फारशी नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी पाण्याचा शिपका मारावा, पावसाळ्यात पाणी साचू देऊ नये, महिन्यातून एकदा वाळू चाळावी. हरवलेली एक चप्पल, दोन चेंडू, धुण्याचा ब्रश आणि पोरांचा एखादा मोजा तिथंच मिळेल.