स्पष्टीकरणात्मक निबंध: परिच्छेदांचा क्रम कसा ठरवावा



या पाठात आपण स्पष्टीकरणात्मक निबंध कसा बांधायचा हे पाहणार आहोत. एखादी गोष्ट काय आहे, कशी चालते किंवा का घडते हे वाचकाला समजावून देणारा निबंध म्हणजे स्पष्टीकरणात्मक निबंध. वर्णनात्मक निबंधात चित्र उभे करायचे असते, वैचारिक निबंधात मत पटवायचे असते. येथे फक्त समजावून सांगायचे असते. 'फक्त' म्हटले खरे, पण प्रयोगवहीतील निष्कर्ष, प्रकल्प अहवाल, परीक्षेतील दहा गुणांचे उत्तर हे सगळे याच जातीचे लेखन आहे, आणि विषय पक्का येत असूनही गुण जातात ते बहुधा येथेच.

आपण एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोडणार नाही.

मार्च 2024 मध्ये बेंगळुरूत पाण्याची तीव्र टंचाई होती. कूपनलिका आटल्या होत्या, टँकरची वाट पाहणे हा अनेक वस्त्यांचा दिनक्रम झाला होता. त्या दिवसांत मी पहिल्या वर्षाच्या वर्गाला विषय दिला: बेंगळुरूला पाणी का कमी पडते? निबंध इंग्रजीत लिहायचा होता. मी तो येथे मराठीत सांगतो आहे, कारण जो दोष दिसला तो भाषेचा नव्हता.

वर्गातील एक मुलगी पहाटे उठून, बादल्या भरून मग कॉलेजला येत असे. तिचा निबंध मी उत्सुकतेने उघडला. सुरुवात होती, 'पाणी हे जीवन आहे.' पुढे पाण्याचे महत्त्व, पृथ्वीवरील पाणी, वाढती लोकसंख्या, प्रदूषण, जंगलतोड, उपाय आणि उपसंहार असे सात परिच्छेद होते. बेंगळुरू खोडून लातूर लिहिले असते तरी एक अक्षर बदलावे लागले नसते. कमी गुण पाहून ती आली आणि म्हणाली, "सर, एक तरी चूक दाखवा." चूक खरोखरच नव्हती. मी तिला त्या कागदाची प्रत दिली आणि म्हटले, परिच्छेद कात्रीने कापून सुटे कर, पिसून मैत्रिणीला दे आणि तिला ते पुन्हा क्रमाने लावायला सांग.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. सुरुवात आणि शेवट मैत्रिणीने ओळखला होता. मधले पाच परिच्छेद तिने स्वतःच्या क्रमाने लावले होते, आणि निबंध पूर्वीइतकाच चांगला, किंवा वाईट, वाचला जात होता.

ही परीक्षा तुम्हीही करून पाहा. क्रम बदलूनही काही बिघडत नसेल, तर तुम्ही निबंध लिहिलेला नाही, मुद्द्यांची यादी लिहिली आहे. प्रत्येक मुद्दा खरा असला तरी एक मुद्दा दुसऱ्याला काही देत नाही, त्याच्याकडून काही घेत नाही.

विषय आणि प्रश्न

यादी तयार होते, कारण आपण विषयावर लिहू लागतो. 'पाणी' हा विषय आहे. त्याला कडा नाहीत, त्यात काहीही मावते. प्रश्नाला मात्र कडा असतात. म्हणून लिहिण्यापूर्वी विषयाचा प्रश्न करा आणि त्याचे उत्तर एका वाक्यात लिहा. या वाक्याला मध्यवर्ती विधान म्हणतात. आपल्या उदाहरणात ते असे होईल: 'बेंगळुरू उंचावर वसले आहे आणि त्याच्याजवळ मोठी नदी नाही, त्यामुळे पावसाचे पाणी साठवणारे तलाव गेल्यावर शहराला दुरून पाणी उपसून आणावे लागले, आणि शहर त्या पाण्यापेक्षा वेगाने वाढले.'

वाक्य लांब आहे, सुंदर नाही. चालेल. ते वाचकासाठी नसून तुमच्यासाठी आहे. आता लोकसंख्या, जंगलतोड, प्रदूषण यांतले काय ठेवायचे ते हे वाक्यच सांगते. जंगलतोड जाते. लोकसंख्या राहते, पण 'लोकसंख्या वाढली' एवढ्यावर भागत नाही. 2007 मध्ये बेंगळुरू महानगरपालिकेत भोवतालची नगरे आणि 110 गावे सामील झाली. म्हणजे शहराची हद्द एकदम वाढली आणि जलवाहिन्या तेथे पोहोचायला बरीच वर्षे गेली. हा झाला या प्रश्नाच्या उपयोगाचा मुद्दा.

हे मला फार उशिरा कळले. एम.टेक.च्या प्रबंधाचे पहिले प्रकरण मी चाळीस पानांचे लिहिले होते. मार्गदर्शकांनी ते दोन दिवसांत परत केले. वर पेन्सिलीने एवढेच लिहिले होते: याचा प्रश्न कोणता? मला तेव्हा राग आला होता. आता मी तेच वाक्य मुलांच्या वह्यांत लिहितो, आणि त्यांनाही राग येतो.

एका परिच्छेदातून दुसरा

हा या पाठाचा मुख्य भाग आहे, सावकाश वाचा. प्रत्येक परिच्छेद संपताना वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहिला पाहिजे आणि पुढचा परिच्छेद त्याचे उत्तर असला पाहिजे.

पहिल्या परिच्छेदात सांगा, बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच पठारावर आहे आणि शहरातून बारमाही मोठी नदी वाहत नाही. वाचक विचारतो, मग इतकी शतके लोक प्यायले काय? उत्तर आहे, तलाव. उतारावर एकाखाली एक तलाव बांधले होते. वरचा भरला की पाणी खालच्यात जाई. मग ते तलाव कोठे गेले? आजचे मॅजेस्टिक बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागेवर आहे, कंठीरव क्रीडांगण संपंगी तलावाच्या जागेवर. तलाव पुरेनासे झाले तसे शहराने पाणी कोठून आणले? प्रथम अर्कावती नदीवरून: 1894 मध्ये हेसरघट्टा, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी. तेही अपुरे पडल्यावर कावेरीवरून. त्या योजनेचा पहिला टप्पा 1974 मध्ये पूर्ण झाला. कावेरीत पाणी आहे, मग अडचण काय? अंतर आणि चढ. मंड्या जिल्ह्यातील तोरेकाडनहळ्ळीहून सुमारे 100 किलोमीटर पाणी आणावे लागते, तेही तीन ठिकाणी उपसून.

येथे वाचक थबकतो. उपसावे लागते, म्हणजे किती त्रास? अशा ठिकाणी आकडा द्या, पण तो नुसता टाकू नका. घर्षणासह पंपांना एकूण सुमारे 500 मीटर उंचीइतका जोर लावावा लागतो. एक हजार लिटर पाणी 500 मीटर उचलायला लागणारी ऊर्जा तुम्ही अकरावीत शिकलात त्या सूत्राने काढा: वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार. उत्तर सुमारे 49 लाख ज्यूल, म्हणजे जवळपास 1.4 युनिट वीज. पंपाची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर सुमारे 2 युनिट. हजार लिटर म्हणजे गच्चीवरची एक मध्यम टाकी. ती नळाने भरली, तर घरातला पंप चालू होण्याआधीच दोन युनिट खर्च झालेली असतात. 'पाणी आणणे खर्चिक आहे' हे वाक्य आणि हा हिशेब यांत जो फरक आहे, तोच माहिती आणि स्पष्टीकरण यांत आहे.

तुलनेने मुंबई पाहा. शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी उताराने शहराकडे येते. तुलना दोनच वाक्यांत संपवा. मुंबईवर परिच्छेद लिहायचा मोह होतो. मलाही येथे होतो आहे.

ज्या वस्त्यांत कावेरीचे पाणी पोहोचले नव्हते त्या कोणावर अवलंबून होत्या? कूपनलिकांवर. येथे जमिनीखाली कठीण खडक आहे. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. पाऊस कमी झाला आणि उपसा चालूच राहिला की त्या भेगा रिकाम्या होतात. अशा रीतीने आपण मार्च 2024 पर्यंत येऊन पोहोचतो.

आता यातील कूपनलिकांचा भाग उचलून तलावांच्या आधी ठेवून पाहा. लगेच खटकते, कारण वाचकाला अजून तलाव का गेले आणि नळ कोठवर आले हेच ठाऊक नाही.

मी येथे कारणांचा आणि काळाचा क्रम एकत्र वापरला, कारण या प्रश्नात दोन्ही एकाच दिशेने जातात. नेहमी असे होत नाही. यंत्र समजावताना भागांचा क्रम लागतो, दोन पद्धती समजावताना तुलनेचा. क्रम प्रश्नावरून ठरवा, सवयीने नाही.

परिच्छेदाच्या आत

पहिल्या वाक्यात परिच्छेदाचा मुद्दा यावा, उरलेल्यांनी तो सिद्ध करावा किंवा उलगडावा. परिच्छेदाच्या अध्येमध्ये नवा मुद्दा घुसला तर त्याला वेगळे घर द्या. 'त्यामुळे', 'मात्र', 'तरीही' हे शब्द सांध्यावर हवेत, पण सांधा असेल तरच. दोन असंबद्ध वाक्यांमध्ये 'त्यामुळे' घातल्याने संबंध तयार होत नाही. तपासणाऱ्याला तो खोटा जोड लगेच दिसतो.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एका गोष्टीपासून जपावे: 'करण्यात आले'. 'तलाव बुजवण्यात आले.' कोणी? कधी? कशासाठी? या रचनेत कर्ता गळून पडतो आणि त्याच्याबरोबर स्पष्टीकरणही. कर्ता माहीत असेल तर लिहा. नसेल, तर अजून थोडे वाचायचे बाकी आहे असे समजा.

सुरुवात आणि शेवट

सुरुवात सर्वांत शेवटी लिहा. 'प्राचीन काळापासून मानव' येथून सुरू होणारा निबंध बेंगळुरूला पोहोचेपर्यंत तपासणारा थकलेला असतो. बादल्या भरणाऱ्या त्या मुलीने दुसऱ्या खेपेस सुरुवात अशी केली: तिच्या गल्लीत टँकर साडेपाचला येतो, आणि ते पाणी ज्या कूपनलिकेतून येते ती आता पूर्वीपेक्षा खोल गेली आहे. तिसऱ्या वाक्यात तिने विचारले होते, असे का? तेवढे पुरे.

शेवटी सगळे मुद्दे पुन्हा मोजू नका. उत्तर पूर्ण झाले की थांबा, किंवा त्या उत्तरातून निघणारी पुढची एक गोष्ट सांगा. ऑक्टोबर 2024 मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, रोज 77.5 कोटी लिटर जादा पाणी आणण्याच्या क्षमतेचा. तो मुख्यतः त्याच 110 गावांसाठी आहे. निबंध आज लिहिला तर तो येथे थांबवता येईल.

स्वाध्याय

पुढील पाच वाक्ये मुद्दाम पिसलेली आहेत. ती क्रमाने लावा आणि प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याने उभ्या केलेल्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते ते कंसात लिहा. यातील एक वाक्य खरे असूनही या निबंधात बसत नाही. ते कोणते, आणि मध्यवर्ती विधानातील कोणत्या शब्दांमुळे ते बाहेर पडते, हे दोन ओळींत सांगा.

कावेरीचे पाणी तीन ठिकाणी उपसून शहरात आणले जाते.
बेंगळुरूजवळ बारमाही मोठी नदी नाही.
पाणी उकळून प्यायल्याने अनेक आजार टळतात.
तलाव आणि अर्कावतीचे पाणी वाढत्या शहराला पुरेनासे झाले.
म्हणून उतारावर एकाखाली एक तलाव बांधले गेले.